सोळाव्या वर्षी मत? बाईंच्या पेटीतली पत्रं

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये मतदानाचं वय देशभर अठरावरून सोळा करायचं जाहीर केलंय, आणि आपल्याकडे कोणी हा विषय काढला तर मला तरी वावगं वाटणार नाही. झालं! लोणच्याच्या मिठाबद्दल लिहिलं तर दोन पत्रं येतात, या एका ओळीला संपादकांनी पिशवी भरून पाठवली. निम्म्यांनी मला वेड्यात काढलंय. काही पत्रं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची आहेत, त्यांचं अक्षर वाचायला मला भिंग लागलं ते सोडा. जमतील तेवढ्यांना उत्तरं देते.

नमस्कार बाई, आमच्या घरी तुमच्या त्या ओळीवरून जेवताना भांडण झालं. मुलगी अकरावीला आहे, सोळा पूर्ण. ती म्हणते मला मत पाहिजे. तिचे बाबा म्हणाले आधी स्वतःचं ताट उचलून ठेवायला शिक मग देश चालव. ती रडत उठून गेली. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. तुम्ही काय म्हणाल? — एक आई, चिपळूण

ताई, पहिलं म्हणजे ताटाचं. ताट उचलणं ही मताची अट ठेवली तर आपल्याकडचे किती पुरुष यादीत राहतील ते तुम्हीच मोजा, मी काही बोलत नाही.

आता खरं उत्तर. तिच्या बाबांना विचारा, तुम्ही पहिलं मत कितव्या वर्षी दिलं? कारण अठरा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. घटना लिहिली तेव्हा कलम ३२६ मध्ये एकवीस वर्षं लिहिलेलं होतं. अठरा झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने. डिसेंबर १९८८ मध्ये लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे पास झाली, निम्म्याहून जास्त राज्यांनी मान्यता दिली आणि २८ मार्च १९८९ पासून लागू. म्हणजे आपल्या देशात अठराव्या वर्षी मत द्यायला लागून चाळीस वर्षं पण झाली नाहीत. गंमत बघा, सज्ञान कधी होतो हे ठरवणारा कायदा आहे १८७५ चा, त्यात अठराच आहे. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून अठराव्या वर्षी तुम्ही कागदावर सही करून जमीन विकू शकत होतात, कर्ज काढू शकत होतात, स्वातंत्र्य मिळालं, प्रजासत्ताक झालो, आणि तरी मत द्यायला एकविसाव्यापर्यंत थांबा! हे असं ११४ वर्षं चाललं आणि फारसं कोणाला खटकलं नाही.

मी त्या १९८९ च्या नोव्हेंबरच्या लोकसभेला इलेक्शन ड्युटीवर होते. नवीन नोकरी, एका झेडपी शाळेत बूथ, आणि माझ्याकडे शाई लावायचं काम. सकाळी आठ-साडेआठला एक पोरगा आला, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला चपचपीत तेल, मिशी अजून फुटायची होती. लगेच एका पक्षाचा पोलिंग एजंट उठला, हा लहान आहे, याचं वय बसत नाही. आता यादीत नाव असलं की वयावरून हाकलून देता येत नाही, केंद्राध्यक्षाला शंका आली तर त्याने मतदाराकडून वयाबद्दल लेखी घ्यायचं असतं, तसा कागदच असतो. आमचे केंद्राध्यक्ष म्हणजे बँकेतले एक शांत गृहस्थ, त्यांनी तो कागद पुढे केला. पोराने वाचून सही केली. मजा म्हणजे त्या एका वर्षापुरतं वय मोजलं होतं ते १ एप्रिलला, म्हणजे तो नोव्हेंबरपर्यंत साडेअठरा ओलांडूनच आलेला. माझ्यासमोर आला, डाव्या हाताचं बोट पुढे केलं, आणि हळूच म्हणतो, "मॅडम, जरा जास्त लावा ना." मी लावली. नखापासून पार पेरापर्यंत ओढली रेघ.

त्या दिवशी शाई लावायच्या टेबलावर एवढं हसू मी नंतर कधी बघितलं नाही.

तर सांगायचं हे की त्या वेळीही हेच बोललं जात होतं, अगदी हीच वाक्यं. पोरं कॉलेजात दगडफेक करतात, यांना मत काय द्यायचं. विधेयकासोबत सरकारने जे कारण लिहिलं होतं त्यात उलट म्हटलंय की आजचे तरुण शिकलेले आहेत, राजकीय जाण असलेले आहेत, आणि काही राज्यांमध्ये स्थानिक निवडणुकांना अठराचं वय आधीच आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलीला माझा एक निरोप द्या. रडून उठायचं नाही. पुढच्या वेळी बाबांना विचार की साडेसतराव्या वर्षी अग्निवीर म्हणून सैन्यात भरती होता येतं आणि मत मात्र अठराला, ते कसं? अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या वेळी हाच मुद्दा पोरांनी लावून धरला, लढायला चालतो तर मत द्यायला का नाही, आणि १९७१ मध्ये त्यांच्या २६ व्या घटनादुरुस्तीने एकवीसचे अठरा झाले. आणि हो, ताट उचलून ठेव.

बाई, आपण शिक्षिका असून असं लिहिता याचं वाईट वाटलं. सोळा वर्षांची पोरं चोवीस तास रील बघतात. त्यांना आमदार आणि खासदार यातला फरक माहीत नाही. ज्याचा व्हिडिओ भारी त्याला मत देतील. शिवाय घरचे सांगतील तिथे बटण दाबतील. समज आल्याशिवाय मत देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. — सेवानिवृत्त अधिकारी, सातारा

काका, रागावू नका पण आमदार-खासदारातला फरक विचारायला तुम्ही एकदा तुमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपपासून सुरुवात करा. मी आमच्या ग्रुपमध्ये करून बघितलंय. विधान परिषद कशासाठी असते हे बारा जणांत तिघांना सांगता आलं, आणि त्यातली एक मी.

समज ही मताची अट असावी असं तुम्ही म्हणता, ते ऐकायला बरोबर वाटतं. पण आपल्या देशाने ही अट मुद्दाम टाकून दिलीय हो. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याप्रमाणे मत कोणाला होतं? ज्याच्याकडे जमीन, जो सारा भरतो, जो इतका इतका शिकलाय. बाकीच्यांना समज नाही असं धरलेलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनकडे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता, आणि घटनेत तो आला तेव्हा देशात शंभरातली अठरा माणसं लिहू-वाचू शकत होती. १९५१-५२ ची पहिली निवडणूक, सतरा कोटींच्या वर मतदार, सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त. वाचता येत नाही म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिलं, पेट्या वेगवेगळ्या ठेवल्या. म्हणजे माणूस समजेत बसत नाही म्हणून माणूस बाद नाही केला, पद्धत बदलली. त्याच यादीत किती बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच, अशा सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. आज कोणी म्हणेल का की त्यांना समज नव्हती म्हणून बायकांना मत द्यायलाच नको होतं? म्हणणारे तेव्हा होतेच.

पण तुमचा दुसरा मुद्दा, घरचे सांगतील तिथे, तो मी खाली पडू देणार नाही, त्यात दम आहे. मी तालुक्याच्या गावात पस्तीस वर्षं काढलीत. पक्षाचे कार्यकर्ते माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. "या वाड्यावर अकरा", "मळ्यातली नऊ आपली", असं वहीत लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. सोळा वर्षांचं वय केलं तर पहिल्या निवडणुकीत त्या वहीत नऊचे अकरा होतील, बाकी काही नाही, हे शक्य आहे. फी बाप भरतो, मोबाइल बापाने घेतलेला. पण काका, हेच सगळं सुनांबद्दल खरं होतं आणि बऱ्याच घरांत अजून आहे, तरी आपण सुनांचं मत काढून नाही घेतलं. कारण पडद्याआड ती एकटी असते. ते बटण दाबताना बाप बरोबर येऊ शकत नाही, आणि आयुष्यात अशी जागा पहिल्यांदा मिळणं ही साधी गोष्ट नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने मला कित्येक वर्षांनी सांगितलं की सासरी सगळ्यांनी एक सांगितलं आणि तिने दुसरंच केलं, घरी येऊन चहा टाकला, कोणाला पत्ता नाही.

रीलबद्दल एकच. प्रचारात पोरांना झेंडे घेऊन फिरवू नका, घोषणा द्यायला लावू नका, असं निवडणूक आयोगाला फेब्रुवारी २०२४ मध्ये परत एकदा कडक शब्दांत सांगावं लागलं. का सांगावं लागलं? पक्षांना पोरं चालतात, फक्त मत नसलेली.

आणि ज्यांना वाटतं वय कमी केलं की तरुण आपल्यालाच मत देतील त्यांनाही इतिहास बघू दे. अठराचं वय राजीव गांधींच्या सरकारने केलं, १९८४ ला त्यांच्याकडे चारशेच्या वर जागा होत्या, अठराच्या पोरांनी पहिल्यांदा मतदान केलं त्या १९८९ ला १९७ वर आले. पोरांमुळे हरले असं मी म्हणत नाही, तेव्हा बोफोर्स तोफांचं प्रकरण होतं, विरोधात व्ही. पी. सिंग होते. पण पोरांनी वाचवलं पण नाही. जर्मनीत २०२४ च्या युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीला सोळाचं वय झालं, ग्रीन पक्ष त्याच्या बाजूने होता, आणि त्याच निवडणुकीत तरुणांमधली ग्रीन पक्षाची मतं धडाधड कोसळली. पोरं कोणाची नसतात.

मॅम मी एसवाय ला आहे, गाव परभणी जिल्ह्यात, पुण्यात हॉस्टेलला राहतो. १९ चालू आहे पण अजून वोटर आयडीच नाही. गावाकडे नाव टाकू का पुण्यात? मित्र म्हणतो पुण्यात चालत नाही भाड्याची जागा म्हणून. लोकसभेला मी १७ होतो. — एक विद्यार्थी

अरे, तुझं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि तू ते चार ओळींत संपवलंस.

आधी कामाचं. मित्र चुकीचं सांगतो. नाव टाकायला घर स्वतःचं लागत नाही, तू तिथे राहतोस एवढं लागतं. हॉस्टेलच्या पत्त्यावर विद्यार्थ्याला नाव नोंदवता येतं, कॉलेजकडून किंवा वॉर्डनकडून तसं पत्र, बोनाफाईड घे. गावाकडे पण टाकता येईल. पण दोन्हीकडे नाही! एकाच ठिकाणी. खोटं लिहून दिलं तर शिक्षा आहे, एक वर्षापर्यंतची. नवीन नावासाठी फॉर्म ६, वयाला दहावीचं सर्टिफिकेट चालतं, आयोगाच्या पोर्टलवर मोबाइलवरून भरता येतो किंवा त्या भागाचा बीएलओ, मतदार यादीचं काम बघणारा, शोध, म्हणजे बहुतेक तुझ्या जवळच्या शाळेतले कोणीतरी सर किंवा अंगणवाडीताई. पुढे पुणं सोडलंस की फॉर्म ८ भरून नाव हलव. तुझ्या धाकट्या भावंडांना सांग की सतरा पूर्ण झाले की आधीच अर्ज करता येतो, अठरा व्हायची वाट बघायची गरज नाही. आणि आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मे मध्ये अठरा झाला तर १ जुलैच्या हिशोबाने यादीत. हे ऑगस्ट २०२२ पासून आहे, त्याआधी फक्त १ जानेवारी होती, म्हणजे २ जानेवारीला जन्मलेलं पोर अख्खं वर्ष लटकायचं.

आता का महत्त्वाचं वाटलं ते. २०२४ च्या लोकसभेला देशभरात अठरा-एकोणीस वयाची १.८ कोटी नावं यादीत होती. आकडा मोठा वाटतो पण या वयाची पोरं देशात त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. मग बाकीची कुठे? तुझ्यासारखी, एसटीत. अठरावं वर्ष म्हणजे काय असतं बघ, बारावी संपली, सीईटी, कॅप राउंड, कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, स्कॉलरशिपचा फॉर्म, इतके कागद एकदम येतात की त्यात मतदार यादीचा कागद कोणालाच आठवत नाही. गावातला बीएलओ म्हणतो पोरगं पुण्याला असतं, पुण्यातला म्हणतो हा इथला नाही. आपण मत द्यायला बरोबर ते वर्ष निवडलंय ज्या वर्षी पोराचा पत्ताच धड नसतो!

मी सोळाच्या बाजूला झुकले ती या कारणाने. हक्क वगैरे ठीक आहे, पण मला व्यवहार दिसतो. सोळा-सतराला पोर घरी असतं, त्याच गावात, त्याच ज्युनिअर कॉलेजात, बीएलओ बहुतेक त्याचाच कोणीतरी मास्तर. स्कॉटलंडमध्ये २०१४ ला देश वेगळा करायचा का यावर सार्वमत झालं, त्यात सोळा-सतराच्या पोरांना पहिल्यांदा मत दिलं होतं. नंतर तिथल्या निवडणूक आयोगाने पाहणी केली त्यात सोळा-सतरातल्या ७५ टक्क्यांनी मत दिलं असं सांगितलं आणि अठरा ते चोवीसमधल्या ५४ टक्क्यांनी. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळा केलं, तिथेही सोळा-सतराची पोरं अठरा-वीसच्या पोरांपेक्षा बरी निघाली. पहिलं मत आईबरोबर चालत जाऊन दिलं की सवय लागते, पहिलंच चुकलं की दुसरंही चुकतं.

फॉर्म भर आज. परीक्षेनंतर नाही, आज.

बाई, मी एडिनबराहून लिहितेय, माहेर कोल्हापूर. आमची लेक सोळाची आहे, आमचे सगळ्यांचे पासपोर्ट अजून भारतीयच. ७ मे २०२६ ला इथल्या पार्लमेंटचं मतदान आहे आणि तिचं नाव यादीत आलं! आजीला फोनवर सांगितलं तर आजीला खरंच वाटेना. परदेशी मुलीला मत कसं देतात? भारतात तिला कधी देता येईल? — एक वाचक

आजीला सांगा खरं आहे. स्कॉटलंडच्या स्वतःच्या पार्लमेंटला आणि तिथल्या कौन्सिलला सोळाव्या वर्षापासून मत आहे, २०१६ पासून, आणि २०२० च्या कायद्याने तर कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला दिलं. भारतीय तर कॉमनवेल्थमध्ये येतात म्हणून तुम्हा मोठ्यांना ब्रिटनच्या लोकसभेलाही मत आहे, लेकीला त्याला मात्र सध्या अठरा व्हावं लागेल. मला हेवा कशाचा वाटला माहितीये, तिकडे चौदाव्या वर्षीच यादीत नाव टाकून ठेवता येतं. चौदा म्हणजे आपली नववी.

भारतात तिला अठरा पूर्ण झाल्यावर फॉर्म ६ए भरून कोल्हापूरच्या पत्त्यावर परदेशस्थ मतदार म्हणून नाव टाकता येईल, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर यावं लागेल. विमानाचं तिकीट काढून.

एक जाता जाता. आपल्याकडेही स्कॉटलंडसारखं एक सार्वमत झालं होतं, गोव्यात, १६ जानेवारी १९६७ ला, महाराष्ट्रात यायचं की नाही यावर. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. तेव्हा मत एकविसाच्या पुढच्यांनाच. ज्यांना त्या निकालासोबत सगळ्यात जास्त वर्षं जगायचं होतं, त्या वीसच्या आतल्यांना कोणी विचारलं नाही. निकाल उलटा लागला असता असं मला म्हणायचं नाही (गोव्याचे वाचक लगेच कागद-पेन घेतील), फक्त कोणाला विचारलं गेलं एवढंच सांगतेय.

मॅडम तुम्ही सोळा सोळा करताय पण माझं ऐका. मी मुंबईत जन्मलो वाढलो. फेब्रुवारी २०१७ ला महापालिकेचं मतदान झालं तेव्हा मला अठराला दोन महिने कमी होते. ठीक आहे म्हटलं पाच वर्षांनी. नगरसेवकासाठी पहिलं मत मी दिलं जानेवारी २०२६ मध्ये, वय २६. मला कोणी विचारलं का? — वैतागलेला, घाटकोपर

नाही विचारलं. आणि तुमचं पत्र वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले, कारण माझ्या सगळ्या मुद्द्यांवर तुम्ही पाणी ओतलंत.

खरंय. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसला, ओबीसी आरक्षण, वॉर्डांची संख्या, रचना, कोर्टात तारखा, असं करत करत १५ जानेवारी २०२६ उजाडलं. पुण्यातही तेच, नाशकात तेच. पावणेचार वर्षं तुमच्या गल्लीतला नळ, गटार, कचरा यावर बोलायला निवडून दिलेलं माणूसच नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात मतदानाचं वय अठरा आणि घाटकोपरमध्ये प्रत्यक्षात जवळपास सत्तावीस. हे वय कोणी घटनादुरुस्ती न करता वाढवलं! आठ वर्षांत अठरा झालेली सगळी पोरं एकाच दिवशी पहिल्यांदा नगरसेवकाला मत द्यायला उभी होती, आणि त्यातही यादी धरली १ जुलै २०२५ ची, म्हणजे जो ऑगस्टमध्ये अठरा झाला तो रांगेत पण नाही, त्याला आता पुढची. पुढची कधी ते ज्याने त्याने आपलं नशीब बघावं.

तरी मी माझा हट्ट सोडत नाही, उलट तुमच्या पत्राने तो जास्त पक्का झाला. मी सोळा म्हणते ते स्थानिक निवडणुकांसाठी. कलम ३२६ आहे ते लोकसभा आणि विधानसभेपुरतं. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांचे मतदार कसे ठरवायचे हे राज्याच्या कायद्यात असतं, आपल्या राज्याने विधानसभेचीच यादी उचलायची पद्धत ठेवलीय. मघाशी मी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच, १९८८ च्या आधी काही राज्यांनी स्थानिकला अठरा करून टाकलं होतं, दिल्लीची वाट न बघता. सोळा वर्षांच्या पोराला परराष्ट्र धोरण कळणार नाही असं म्हणता ना? बरं, नको कळू दे. पण शाळेच्या रस्त्यावरचा दिवा बंद आहे, मुलींच्या संडासाला कडी नाही, ग्राउंडवर दर गुरुवारी बाजार भरतो, एसटी सव्वासहाला जाते आणि क्लास साडेसहाला सुटतो, हे त्याच्याइतकं गावात कोणाला कळतं?

पण तुमचं पहिलं. निवडणूक वेळेवर झाली पाहिजे. तीच नाही झाली तर सोळा काय आणि सहा काय. (सहा हा विनोद नाही, केंब्रिजचे एक प्राध्यापक डेव्हिड रन्सिमन यांनी खरंच सहाव्या वर्षापासून मत द्या म्हणून सांगितलं होतं. मी बालवाडीच्या पोरांची रांग लावलेली आहे, त्यामुळे माझा नम्र विरोध.)

मत अठराला आणि आमदारकीला उभं राहायला पंचवीस, हा काय न्याय? — बीड

लोकसभा आणि विधानसभेला पंचवीस, राज्यसभा आणि विधान परिषदेला तीस, ग्रामपंचायत ते महापालिका एकवीस. संसदेच्या एका स्थायी समितीने २०२३ मध्ये शिफारस केलीय की लोकसभा-विधानसभेलाही अठरा करा. एकविसाच्या वर असाल तर तोवर सरपंचकी बघा, आमदारापेक्षा शिव्या जास्त पण शिकायला मिळतं.

लहानांना समज नाही म्हणून मत नाही, तर मग ऐंशीच्या पुढच्यांचं काढून घ्यायचं का? आमचे आजोबा अजून इंदिराबाईंना मत देऊन आलो म्हणतात. — कॉलेजकन्या, अकोला

नाही काढायचं, आणि आजोबांना छळू नकोस. आपल्याकडे मताला वरची मर्यादा नाही, उलट २०२४ ला पंच्याऐंशीच्या पुढच्यांच्या घरी जाऊन मत घेण्याची सोय होती. ब्राझीलमध्ये बघ किती शहाणपणाने केलंय, अठरा ते सत्तर सक्ती, सोळा-सतराला आणि सत्तरीनंतर ऐच्छिक. दोन्ही टोकांना म्हटलंय, या, पण जबरदस्ती नाही. २०२२ ला तिकडे चार महिन्यांत वीस लाखांहून जास्त पोरांनी आपणहून नावं नोंदवली. पण तुझा प्रश्न चांगला आहे, साताऱ्याच्या काकांना मी तो पाठवतेय.

बाई मी आठवीत आहे. आमच्या शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मोबाइलवर मशीनसारखं ॲप होतं, बोटाला मार्करची शाई लावली. मी मुख्यमंत्री पदाला ४१ मतांनी निवडून आले. पण नंतर मुख्याध्यापक सरांनी दुसऱ्या मुलाला मुख्यमंत्री केलं आणि मला सांस्कृतिक मंत्री केलं, म्हणाले तो उंच आहे, परिपाठाला आवाज पण मोठा आहे. आता काय करू? — माजी मुख्यमंत्री, जि. प. शाळा

बाळा, माजी नाही, तू आजी मुख्यमंत्री आहेस, शपथ व्हायची राहिलीय फक्त.

असं कर. ज्यांनी तुला मत दिलं त्यांना मधल्या सुट्टीत गोळा कर. वहीचा एक कागद घे, वरती तारीख, खाली सरळ दोन ओळी, निकाल असा लागला, पद असं दिलं, कारण कळावे. खाली सगळ्यांच्या सह्या. सरांशी उद्धट बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, तो त्या उंच मुलाचा प्रांत आहे. कागद सरांच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, सर, याची पोच द्या.

आणि सर काय म्हणाले ते मला कळव, पुढच्या अंकात जागा ठेवतेय.